आत्याची नुमाईश

आमच्या आत्याइतकी चित्रं निजामाच्या राज्यात दुसऱ्या कुठल्या बाईनं पाहिली नसतील, आणि तिच्याइतकी चुकीची तर कुणीच पाहिली नसतील. हे मी थट्टेनं लिहीत नाही. थट्टा मला सोसत नाही. चुकून केली तर पुढं किती तरी दिवस मन खात राहतं. जालन्याच्या एका शाळेत मी गणित शिकवायचो आणि राहायला आत्याकडं होतो. घरात आम्ही तिघंच: आत्या, तिच्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी मोठ्याई म्हणायचो, आणि मी. दोघी जावा विधवा. मोठ्याईंचे सांधे संधिवातानं असे धरले होते की ओसरीतल्या खाटेवरून त्यांना उठता येत नसे. ओसरीचे खांब, अंगणातला लिंब आणि धाकली जाऊ सांगेल ते, एवढंच त्यांचं जग. पण धाकली जाऊ सांगण्यात कधी कमी पडली नाही.

दर हिवाळ्यात औरंगाबादेच्या एका जुन्या हवेलीत चित्रांची नुमाईश भरायची. प्रदर्शन हा शब्द तेव्हा आमच्याकडं फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. नुमाईशीचा एक दिवस जनान्यासाठी राखलेला असे. त्या दिवशी फाटकाला कनात लागायची, आत फक्त बाया, आणि माझ्यासारखे सोबत आलेले पुरुष बाहेर लिंबाखाली. आत्या तीर्थपुरीकडच्या शेतकऱ्याची लेक. अक्षराशी तिचा संबंध नव्हता, पण सकाळच्या गाडीनं औरंगाबादेला जाताना ती अशी बसायची, जणू हवेलीतल्या सगळ्यांनी तिला आवतण धाडलंय. चित्रं बघायला जायचं म्हणजे तिच्या लेखी पाहुण्यांकडं जायचं, आणि पाहुण्यांकडं रिकाम्या हातानं कोण जातं? शेंगा, बोरं, संक्रांत झाली असेल तर तिळाचे लाडू, असं काहीबाही पदराच्या गाठीत असायचंच. एका साली तिथं वाळलेल्या फकिराचं चित्र होतं. तिनं त्याच्या चौकटीखाली ओंजळभर शेंगा ठेवल्या. राखणीची बाई धावत आली, तर आत्यानं तिलाच फैलावर घेतलं, "दिवसभर हितं बसून राह्यल्या तुमी, येकदा तरी इचारलं का त्येला, बाबा जेवला का म्हणून?"

भिंतीवर एखादा नवाब असला की ती पदर पुढं ओढून त्याच्याकडं पाठ करून जायची. "मेला बघूनच राह्यलाय," बाहेर आल्यावर माझ्याकडं तक्रार, "हिकडं सरकले तर हिकडं, तिकडं गेले तर तिकडं." कुठलीही नदी दिसली की ती शहागडची गोदावरी. एकदा त्या नदीत शिडाची मोठी नाव होती म्हणे. आत्यानं नाव ओळखलीच, वर "नावाडी बदलला वाटतं, पयला बरा व्हता," म्हणून नाराजही झाली. मी हसू दाबलं. दाबलेलं हसूही हसूच, हे मला मान्य आहे. माझ्याशेजारी लिंबाखाली बसलेला टांगेवाला मात्र मोकळेपणी हसला आणि म्हणाला, "क्या मास्तरसाब, आपकी आत्या अंदर पूरा मुलुक घूमके आई, और अपन दोनों बाहरच!"

खरी नुमाईश जालन्याला परतल्यावर भरायची. आत्या पाय धुवायची आणि चहाला हातही न लावता मोठ्याईंच्या पायथ्याशी बसायची. "अक्का, आली बघा नुमाईश." मग त्या संध्याकाळी एकेक चित्र ओसरीत उतरायचं. मोठ्याई काही नुसतं ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. "लुगडं कसलं?" "काठ केवढा?" "तुला बघून हसली का ती?" खिडकीत उभ्या असलेल्या एका बाईवरून तर दोघींचं चांगलंच वाजलं.

"चुलीवर डाळ ठिवून खिडकीत उभी ऱ्हायली? वळण न्हाई का काई तिला?" मोठ्याई म्हणाल्या.

"भावाची वाट बघून राह्यली व्हती, अक्का. माहेरी न्यायला येणार व्हता. डाळ करपली, मला वास आला की."

"मंग? आला का भाऊ?"

"म्या निघस्तवर तरी आल्ता न्हाई."

मोठ्याई किती तरी दिवस अधूनमधून विचारायच्या, "आला आसल का गं आता?" आणि आत्या भाकरी थापता थापता म्हणायची, "आला आसल. येवढा काई वाईट दिसत नव्हता." न दिसलेला भाऊ वाईट दिसत नव्हता, हे मोठ्याईंना पटायचं. मला पटायचं नाही. मी गणिताचा माणूस. पुढच्याच रविवारी दोघींना न सांगता मी एकटा औरंगाबादेला गेलो. आत्यानं ओसरीत सांगितलेले कापसाचे डोंगर बर्फाचे निघाले. खिडकीतली बाई होती, पण चूल नव्हती, डाळ नव्हती. लाज वाटते सांगायला, पण मी आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते चित्र हुंगूनही पाहिलं. घरी आलो तर मोठ्याई म्हणाल्या, "कुठं गेल्ता, मास्तर? तोंड का उतरलंय?" मी शाळेचं काम सांगितलं. तोंड उतरलं होतं ते वेगळ्याच कारणानं. रंगवलेल्या त्या बाईची मला काहीच काळजी वाटली नव्हती. आत्याच्या बाईची वाटत होती.

मग निजामाचं राज्य जायच्या आधीचं गडबडीचं साल आलं. गाड्यांचा भरवसा राहिला नाही, रस्त्यांचा तर नाहीच. दिवे लागायच्या आत लोक दारं लावून घेत. नुमाईश भरणार नाही हे मला शाळेत कळलं. त्याच हिवाळ्यात मोठ्याईंचं अन्न तुटलं. हकीम आला, नाडी बघितली आणि पुडी न देताच उठला. मोठ्याई मात्र शांत होत्या. "औंदाची नुमाईश येवढी ऐकते," त्या म्हणाल्या, "मंग मी मोकळी. तवर काई जात न्हाई." आत्या ज्वारी पाखडत होती. तिचं सूप हातातच थांबलं.

नुमाईश नाही हे मी तिला परसात नेऊन सांगितलं. ती म्हणाली, "अक्कापाशी बोलायचं न्हाई." आणि ठरल्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून, पदराला शेंगा बांधून दारात उभी. "चला, मास्तर." आम्ही स्टेशनावर गेलो. गाडी नव्हतीच. समोर मालधक्क्याची लांबलचक भिंत, तिचा चुना ठिकठिकाणी उडालेला. आत्या बाकावर बसून दुपार कलेपर्यंत त्या भिंतीकडं बघत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळूहळू. मला राहवलं नाही. "आत्या, आता घरी जाऊन सांगणार काय?"

"बघून तर घेऊ दे," ती म्हणाली.

संध्याकाळी नेहमीसारखी पायथ्याशी बसली, पण एकच चित्र सांगून उठली. मोठ्याई चकित. "आन बाकीची?"

"औंदा लई मोठी भरलीय, अक्का. येका दमात सांगून व्हत न्हाई. रोज येक सांगते."

"खरं का, मास्तर?"

मी म्हणालो, "बराबर हाय, मोठ्याई." ते खोटं मला कधी टोचलं नाही, आणि टोचलं नाही याचंच अजून टोचतं.

तशी चित्रं मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. एका चित्रात सगळं गाव झोपलेलं आणि एकटी शेळी देवळाच्या पायरीवर राखणीला बसलेली. एकात एक मुलगी नदीच्या पाण्याची वेणी घालत होती आणि पाणी तिला, मान हलवू नको, म्हणत होतं. एकात बाजार उठून गेला होता आणि उरलेलं ऊन टोपलीत झाकून एक म्हातारी घरी निघाली होती. "काय भाव लावला व्हता गं उन्हाचा?" मोठ्याईंनी विचारलं. "इकायचं नव्हतं तिला. नातवाला नेत व्हती." ओसरीत कंदिलाचा तेवढाच उजेड, बाहेर सामसूम, आणि मी पाटीवर मुलांची गणितं मांडायचं सोडून त्या म्हातारीच्या मागं मागं चाललेलो.

रोज एक चित्र म्हणजे मोठ्याईंचा रोज एक दिवस, हा साधा हिशेब गणिताच्या मास्तराला फार उशिरा कळला. संक्रांत गेली, होळी आली, नुमाईश काही संपेना. मोठ्याई मात्र खाटेवर लहान लहान होत गेल्या. कूस बदलताना ओरडू नये म्हणून त्या गोधडीची कड दातांत धरायच्या. आत्या ते बघायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक चित्र घेऊन बसायची. जन्माची सोबत सोडायला तिचं मन धजत नव्हतं. एके दुपारी मोठ्याईंनी तिचा हात धरला. "धाकले," त्या म्हणाल्या, "थकले गं मी बघून बघून."

आत्या उठली. परसात गेली आणि घासून झालेला हंडा पुन्हा घासत बसली. बराच वेळ तो आवाज येत होता. दिवे लागल्यावर ती आली ती पायथ्याशी नाही, उशाशी बसली.

"अक्का, नुमाईश उठली आज."

"बराबर?"

"बराबर. चित्रं उतरवून राह्यलेत. बैलगाड्या आल्यात. कडबा आंथरून त्येच्यावर येकेक ठिवून राह्यलेत."

"कुठं नेत्यात?"

"ज्येच्या त्येच्या घरी."

मोठ्याईंनी थोडा विचार केला. "काचा हायेत त्येला. जल्दी करू नका म्हणावं."

"न्हाई, अक्का. हळूहळू चालल्यात. मी हाय की संगं, येशीपतोर."

"मंग ठीक," मोठ्याई म्हणाल्या. आत्या त्यांचे केस विंचरत बसली.

त्याच आठवड्यात एका पहाटे मोठ्याई गेल्या. त्यानंतर राज्य बदललं, गाड्या सुरळीत झाल्या, आणि एका हिवाळ्यात हवेलीत पुन्हा नुमाईश भरली. मी धावत घरी आलो आणि आत्याला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, अगदी नीट.

"तू जाऊन ये, मास्तर," ती म्हणाली. "मला घरात काम हाय."

घरात काम काहीच नव्हतं. ओसरीतली खाटसुद्धा तिनं भिंतीला उभी करून ठेवली होती.