लाल ठिपक्याचा गिलास

मायले टीबी हाये असं कळल्याबरोबर मी पहिलं काम काय केलं असंल, तर तिचा गिलास वेगळा केला. औषध मागाहून आणलं. आजवर कोणाले सांगितलं नव्हतं, लाज वाटते.

मायच्या बापाले गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती. चहा पिऊन झाला की आपल्याच हातानं धुवायची अन् बाहेरच्या फळीवर उलटी ठेवायची. म्हणूनच तो माणूस विदर्भ सोडून भिलाईले आला, प्लांटमध्ये लागला. मायनं हे इतक्यांदा सांगितलं की मले पाठ झालं होतं. विहारात बोलायची पाळी आली की मी हेच सांगत होतो, अन् टाळ्या घेत होतो. अन् भिलाईतच, रिसालीच्या माझ्या घरात मीच स्टीलच्या एका गिलासाले लाल ऑइलपेंटचा ठिपका लावला.

"घरात लहान पोरगी हाये माय, समजून घे."

"बरं बाबू," एवढंच म्हणाली ती.

तिची खाट मागच्या खोलीत टाकली. एकटीले गरम होऊ नये म्हणून माझ्या हातानं बनवलेला कूलर तिच्या खिडकीले बसवला. जाळीतलं गवत जुनं झालं होतं, पण म्हटलं, एक सीझन अजून निघते. अख्खी नोकरी मेन्टेनन्समध्ये गेली माझी! प्लांटात कोणी एक फिल्टर बदलायचा विसरला तर त्याले फाडून खातो, अन् घरी हे असं.

माय महिनोन् महिने गोळ्या गिळत राहिली. भूक गेली, खोकला काही गेला नाही. दमा पहिल्यापासून होताच, आता छातीत शिट्टी वाजून राहिली होती. एकदा तिनं रुमाल पुढं केला. "पाय तं बाबू, हे काय पडून राहिलं?"

मी तोंड फिरवलं. "मले कायले दाखवतं? फेकून दे."

शेवटी तिले रायपूरले छातीच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिनं जुने कागद चाळले. थुंकीत टीबीचे जंतू एकदाही निघाले नव्हते, नुसत्या एक्सरेवरून औषध चालू होतं. मग मले सोडून तिनं मायलेच विचारलं, बेडका कसा पडते म्हणून.

"तपकिरी गोळे पडते," माय म्हणाली, "गुळाच्या खड्यावानी. पोराले दाखवलं होतं मी."

डॉक्टरणीनं माझ्याकडे पाहिलं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रक्त तपासलं, हाताच्या कातडीवर टोचून पाहिलं, स्कॅन काढला. टीबी नव्हताच. हवेतली बुरशी श्वासातून आत जाते, मायच्या अंगाले तिचं वावडं, म्हणून छाती सुजते अन् नळ्यांमध्ये ते गोळे अडकते. औषधानं आटोक्यात राहते, डॉक्टरीण म्हणाली. घरात ओल कुठं हाये? मी खाली मान घालून कूलर सांगितला. निघता निघता ती म्हणाली, हे एकाचं दुसऱ्याले लागत नाही.

घरी येऊन जाळी उघडली. गवत काळंभोर, हाताले चिकट. बुरशी होती तिथंच मी मायले कोंडलं होतं. सगळं काढून बाहेर फेकलं, हात धुतले, स्वतः चहा मांडला अन् मायले माझ्या कपात दिला. मोठा उदार झालो होतो मी!

माझी पाच वर्षांची पोरगी धावत आली. "पापा, ये आजी का नहीं है! आजी का अलग है." अन् लाल ठिपक्याचा गिलास घेऊन उभी.

मी तिच्यावर ओरडलो.

"तिले कायले रागावतं?" माय म्हणाली. "लेकरू पायते तेच शिकते."

तिनं कपातला चहा गिलासात ओतला, सावकाश पिली. मग उठली, गिलास आपल्या हातानं धुतला अन् खिडकीत उलटा ठेवला.