ॲनाटॉमी हाताने येते

आम्ही चौघे मित्र जमलो की बायका आधीच उठून आत जातात. काय निघणार ते त्यांना ठाऊक असतं. सत्तरच्या दशकात नाशिकला आयुर्वेद शिकत होतो. शिकलेलं बरंचसं विसरलो, किस्से मात्र पोतंभर साठलेत. आमचे शारीरचे, म्हणजे शरीररचनेचे सर सांगायचे, ॲनाटॉमी पुस्तकाने येत नाही, हाताने येते. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

*

विजय देवळाली कॅम्पचा, वडील लष्करात. तो अभ्यासाची हाडं पिशवीत भरायचा आणि न बघता, नुसती चाचपून ओळखायचा. बसमध्येसुद्धा! एकदा कॅम्पच्या गेटवर नव्या जवानाने अडवून पिशवीत काय आहे विचारलं. विजय तंद्रीत. सवयीने आत हात घातला, चाचपलं आणि म्हणाला,

"डावी मांडी."

वडील येऊन सोडवेपर्यंत तो हात वर करून उभा होता.

*

सरांच्या सांगण्यावरून आम्ही खाटकाकडून बकऱ्याची किडनी आणली. धमनीला, म्हणजे रीनल आर्टरीला, लाल दोरा बांधला, शिरेला निळा, आणि खानावळीच्या मावशींकडे झाकून ठेवायला दिली. दुपारी रस्सा झणझणीत झाला होता. सटाण्याच्या रमेशने दुसऱ्यांदा मागून घेतला. चावता चावता तो एकदम थांबला. दातात अडकलेला लाल दोरा हळूच ओढून काढला, उजेडात धरला.

"रीनल आर्टरी."

विजय पानावरून उठला तो परत आलाच नाही.

*

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. मला म्हणाले, कॉलरबोन दाखव. हाड टेबलावरच होतं, पण मी इतका घाबरलेलो, की सरळ त्यांच्याच गळ्याजवळ हात नेला. वर चाचपून पाहिलं आणि बोलून गेलो, की हे मोडून वाकडं जुळलंय. आमचे सर भिंतीला टेकले.

परीक्षकांनी सावकाश चष्मा काढला. "लहानपणी मनमाडला रेल्वेच्या पुलाच्या जिन्यावरून पडलो होतो," ते म्हणाले. "हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं."

*

प्रदीप सातपूरचा, अंगाने सडपातळ. त्यामुळे खडूने अंगावर अवयव आखायचे असले की टेबलावर तोच झोपायचा. त्या दिवशी पोट दुखतंय म्हणत होता, तरी झोपला. रमेश हृदयाचा ठोका शोधू लागला. डावीकडे ठोका लागेना. विजयला नाही, मलाही नाही. आम्ही हसतच सरांना बोलावलं.

सरांनी स्टेथोस्कोप डावीकडे लावला, मग उजवीकडे. ठोका तिथे होता. मग बोटांनी पोट ठोकून पाहत राहिले. यकृतसुद्धा डावीकडे निघालं. प्रदीपच्या शरीरात सगळंच आरशातल्यासारखं उलट होतं आणि आजवर कुणालाच ते कळलं नव्हतं. आमचं हसू कुठल्या कुठे गेलं. प्रदीप पांढराफटक पडला.

सरांनी विचारलं, दुखतंय कुठे? त्याने पोटावर खाली, डावीकडे बोट ठेवलं. घराजवळच्या डॉक्टरांनी गॅस समजून गोळ्या दिल्या होत्या. सरांनी तिथे दाबून हात सोडला मात्र, प्रदीप ओरडलाच.

सरांनी त्याला रिक्षात घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. आम्ही मागून सायकलींवर. अपेंडिक्स म्हटल्यावर तिथला तरुण सर्जन लगेच तयारीला लागला. ऑपरेशन थिएटरच्या दारात सरांनी त्याला थांबवलं आणि चीर डावीकडे घ्या म्हणून सांगितलं. सर्जनने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मग समजुतीच्या सुरात म्हणाला,

"सर, अपेंडिक्स उजवीकडे असतं."

सरांनी प्रदीपच्या अंगावरची चादर बाजूला केली, सर्जनचा हात धरला आणि प्रदीपच्या छातीवर उजवीकडे ठेवला.