सेंटर फॉरवर्ड आणि बाबांचं नवं जाळं

आमच्या ह्यांनी फुटबॉलमध्ये किती गोल मारले ते विचारू नका. सांगायला बसले की चहा थंड होतो, पुन्हा गरम करावा लागतो, आणि ह्यांचा पूर्वार्धच चालू असतो. बोईसरच्या एका कारखान्याच्या टीमचे हे सेंटर फॉरवर्ड. तारापूरपासून पालघरपर्यंत एक गोलकीपर ह्यांनी सोडला नव्हता. राहिला होता एकच, आणि तो नेमका माझा बाप!

आम्ही पालघरजवळच्या माहीमचे मच्छीमार. मी बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसायचे. हे घाटावरचे, माळकरी घरातले. माझ्याशी बोलायला मिळावं म्हणून रोज बोंबील घ्यायचे आणि सरावलीच्या खोलीवर नेऊन मांजरांना घालायचे. त्या वर्षी सरावलीची मांजरं नुसती माजली होती. शेवटी धीर करून हे बाबांकडे आले. बाबा म्हणाले, "आधी माझ्यावर गोल मार, मंग पोर माग."

दरवर्षी आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला कारखान्याची आणि आमच्या गावाची मॅच व्हायची. भरतीचं पाणी मैदानाला लागलं की खेळ संपला. गोलला बाबांनीच टाकून दिलेलं फाटकं जाळं. आदल्या वर्षी ह्यांचा चेंडू त्या जाळ्याच्या भोकातून थेट समुद्रात गेला, तर बाबा बेधडक म्हणाले, "बाहेरून गेला!" मग काय, सगळं गाव म्हणालं, बाहेरून गेला. असा संताप आला होता मला!

म्हणून या वेळी मी सकाळीच बाबांचं कोरं, पिशवीसारखं जाळं बांबूंना बांधून टाकलं.

"ह्ये काय गो? नवं जाळं?"

"पाव्हणे येतात बाबा. फाटकं बरं दिसत नाय."

बाबांची छाती फुगली.

पाणी जवळ येत चाललं तरी गोल होईना. माझा जीव टांगणीला. बाबा एकेक चेंडू झेलत होते आणि मी मनातल्या मनात स्वतःच्या बापाला दृष्ट लावत होते. तेवढ्यात ह्यांनी उडी मारून डोकं लावलं. चेंडू जाळ्याच्या पार निमुळत्या टोकात जाऊन अडकला. मागोमाग हेही तोंडावर जाळ्यात पडले. बटणं अडकली, पाय अडकला.

बाबांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. फाटक्या जाळ्याबद्दल काय वाटेल ते बोला, पण धड जाळ्यात आलेलं 'आलं नाय' म्हणायचं नाही, दर्या रुसतो. हे मला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ढगांकडे बघितलं.

"गोल हाय," बाबा म्हणाले.

कारखान्यातली मंडळी नाचायला लागली.

"थांबा!" बाबा गरजले, "जाळ्यात आलं ते जाळंवाल्याचं. पुढल्या टायमाला ह्यो आमच्याकडून खेळल."

नाच थांबला. मी हसू दाबत ह्यांना सोडवायला धावले. घाईत एक धागा ताणला गेला, तसे बाबा मागून ओरडले, "हळू गो! जावई फाटला तरी चालल, जाळं नवं हाय!"