टेबलाचा खटका

लढाई संपली आणि लष्कराचं जुनंपानं सामान विकायला निघालं, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कर्जतहून घडीचं टेबल आणलं. दहिवलीत आमच्या घरी सगळे पाटावर बसून जेवणारे. टेबलाचं करायचं काय हे आबांनाही ठाऊक नव्हतं, पण दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. पायांच्या दोन जोड्या, एकेका जोडीला लोखंडी खटका. पाय उघडून दाबले की खटका खाचेत बसायचा आणि 'खट्' वाजायचं. वाजलं नाही तर पाय नुसता उभा, त्याचा भरवसा नाही. हे आबांनीच आम्हाला दहादा सांगितलेलं.

मला बघायला लोधिवलीचे पाहुणे आले, तेव्हा आबांनी ते ओटीवर मांडायला घेतलं. मुलगा मी आधी बाजारात पाहिला होता. आवडला होता, खोटं कशाला बोलू? आबा "या, बसा" करत एका हाताने पाय उघडत होते. आत मी शेजारून आणलेल्या कपबश्या पुसत होते. एकदाच 'खट्' ऐकू आलं. मी आईला सांगितलं, तर पाहुण्यांसमोर बापाला शिकवू नकोस म्हणाली.

मी चहाचं ताट ठेवलं आणि एका बाजूने टेबल खाली बसलं. चहा मुलाच्या मामाच्या धोतरावर. मामा आवाज न चढवता म्हणाला, "पोर पांढऱ्या पायाची हाय."

पाय दुमडला टेबलाचा, पांढरा ठरला माझा. आबा म्हणाले, पोरीचाच धक्का लागला. दुसरा खटका लागला नव्हता हे त्यांना खरंच कळलं नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. बापाबद्दल एवढं तरी मानावं लागतं.

पुढे दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. मग कोंडाण्याच्या एका बिजवराला दिली, दोन लेकरांच्या बापाला. आंदण म्हणून तेच टेबल दिलं.

पहिल्या दिवाळीला आबा मला न्यायला आले. मी टेबल मांडून चहा ठेवला. कपाला हात लावण्याआधी त्यांचा हात टेबलाखाली गेला आणि खटका चाचपून वर आला.

"दुसराबी लागलाय, आबा," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घालून चहा बशीत ओतला. त्या दिवाळीला मी माहेरी गेले नाही.