आयलीचा श्वास

कोर्पिवारा गावाच्या बर्फ-हॉलमध्ये पाऊल टाकलं की समोरच काचेचं कपाट आहे. त्यात १९७४ सालचं एक कांस्यपदक आहे. ते पुरुषांच्या आइस हॉकी संघाने जिल्हा स्पर्धेत मिळवलं, चार संघांत तिसरे येऊन. महिला संघाच्या देशपातळीवरच्या पाच सुवर्णचषकांना त्या कपाटात जागा नाही. त्यातला एक चषक कॅन्टीनची खिडकी उघडी राहावी म्हणून फटीत अडकवलाय आणि दुसऱ्यात ओल्या छत्र्या ठेवतात. बाकीचे तीन कुठे आहेत ते फक्त आयली निस्कालाला ठाऊक, कारण ते तिच्या कामाच्या टेबलाखाली आहेत आणि त्यात ती स्क्रू ठेवते.

आयली सहासष्ट वर्षांची. उमेदीची वर्षं तिने सॉ मिलमध्ये करवतींना धार लावण्यात घालवली. मिल बंद पडली, नवरा दक्षिणेला निघून गेला आणि आयलीला धार लावण्यापलीकडे काही येत नव्हतं. मग ती महिला संघाच्या स्केट्सना धार लावू लागली. त्यालाही बावीस वर्षं झाली. पात्यावरून अंगठ्याचं नख ओढायचं आणि नखाचा बारीक भुगा निघाला की धार झाली, ही तिची परीक्षा. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख कधी वाढलेलं कोणी पाहिलेलं नाही. संघातल्या बावीस जणींपैकी कोणाला धार खोल लागते आणि कोणाला उथळ, कोण सामन्याआधी रडते आणि कोण उगाच भांडण उकरून काढते, हे तिला प्रशिक्षकापेक्षा जास्त कळतं.

पण कोर्पिवारात आयलीची ओळख यातल्या कशामुळेच नाही. ती आहे एका श्वासामुळे.

आमच्याकडे ‘हो’ म्हणायला कोणी जीभ शिणवत नाही. ओठ जरा मुडपायचे आणि हवा आत ओढायची, शूप्. एवढ्यावर लग्नं ठरतात, घरं विकली जातात, जन्मभराच्या मैत्र्या होतात. दक्षिणेकडून आलेल्या माणसाला वाटतं यांना दम्याचा आजार आहे. वाटू दे.

आठ वर्षांपूर्वीची वार्षिक सभा. संघ नुकताच पहिलं सुवर्ण जिंकला होता आणि सगळ्या पोरी सत्कारासाठी प्रांताच्या राजधानीत गेल्या होत्या. आयली मात्र ओलं सामान वाळवायला मागे थांबली होती, म्हणून महिला विभागाच्या वतीने सभेला तीच बसली. क्लबचा अध्यक्ष स्तूरे लांडीन उठला. उंच, गुलाबी, गोड बोलणारा माणूस. नकार द्यायचा असला तरी आधी तुमच्या आईची तब्येत विचारेल.

“मित्रांनो,” तो म्हणाला, “आपला पुरुष संघ यंदा खालच्या वर्गात घसरला. पोरांचा जीव पार खचलाय. मला वाटतं, वाफ घ्यायचा सॉना असलेली मोठी खोली तूर्तास त्यांना द्यावी. मुली काय, जिंकल्याच आहेत. त्यांना उभारीची गरज नाही. त्यांनी तूर्तास जुन्या कोठारात कपडे बदलावेत. सभेला मान्य?”

आयली कॉफीचा घोट घेणार होती. सोन्याचं पदक जिंकल्याचं बक्षीस म्हणून कोठार! तिच्या छातीत धस्स झालं आणि तोंडातून हवा आत गेली. शूऽप्.

“हे बघा, आयलीसुद्धा हो म्हणतेय,” स्तूरे म्हणाला आणि सभेच्या अध्यक्षाची हातोडी खाडकन टेबलावर पडली.

“अरे, मी हो नाही म्हटलं! मी दचकले!”

“आयली, अगं,” स्तूरे मायेने म्हणाला, “इतिवृत्तात ‘मान्य’ असतं आणि ‘अमान्य’ असतं. ‘दचकली’ असं लिहायला जागाच नसते. हो ना, इंग्वे?”

चिटणीस इंग्वेने वहीतून डोकं वर न काढता श्वास आत ओढला. आमच्या सभेत मतं मोजत नाहीत. कोणी तरी श्वास घेतला, कोणी हरकत घेतली नाही आणि हातोडी पडली की विषय संपला. पडलेली हातोडी उचलून परत आपटायची सोय नाही.

ते ‘तूर्तास’ आठ वर्षं चाललं. कोठारात बावीस जणींना दोन शॉवर, त्यातला एक गार पाण्याचा आणि दुसरा त्याहून गार. त्या कोठारातून पोरी निघायच्या आणि देशाला हरवून परत यायच्या. तिकडे पुरुष संघ सॉनात बसून उभारी घेत होता आणि दर वर्षी आणखी एका वर्गाने खाली जात होता. अखेर खाली जायला वर्गच उरला नाही. मधल्या काळात क्लबने स्त्री-पुरुष समानतेचं चौदा पानी धोरण तयार केलं. त्याचं पहिलं पान काचेच्या चौकटीत बसवून पुरुषांच्या सॉनाच्या दाराशी लावलं, कारण मोकळी भिंत तेवढी तिथेच होती.

पोरींनी आयलीला एका शब्दाने कधी टोकलं नाही. तेच तिला जास्त लागलं. गार शॉवरखाली कोणी किंचाळली की दुसरी म्हणायची, “आयलीचा श्वास लागला वाटतं!” आणि सगळ्या हसायच्या. आयलीही हसायची आणि मग धारेच्या चाकावर पातं जरा जास्तच दाबायची. त्या दिवसापासून तिने श्वासाचं ‘हो’ सोडून दिलं. दुकानात, दवाखान्यात, शेजाऱ्याच्या दारात, सगळीकडे ती खणखणीत “हो” म्हणू लागली. लोक म्हणायचे, म्हातारपणी आयलीला दक्षिणेचं वारं लागलं.

खोली परत मिळावी म्हणून कर्णधार तूवा दर वर्षी लेखी ठराव द्यायची. दर वर्षी स्तूरे तो ठराव समितीकडे पाठवायचा. समितीत स्वतः स्तूरे, इंग्वे आणि पुरुष संघाचा गोलरक्षक. दर वर्षी समितीचा अहवाल यायचा, “अभ्यास चालू आहे.” एवढ्या अभ्यासात माणूस डॉक्टर होऊन निवृत्तही झाला असता.

यंदा पाचवं सुवर्ण आलं. आयलीने ठरवून टाकलं होतं की हा आपला शेवटचा हंगाम. खांदा दुखत होता, चाकापाशी दोन तास उभं राहवत नव्हतं. जायचं ते मुकाट्याने जाऊ, असं ती म्हणायची, पण कोठारात पोरींना सोडून जायचं या विचाराने तिला झोप लागत नसे. आपल्या तोंडून गेलं आणि आपल्या हातून परत आलं नाही, ही एकच गोष्ट तिला खात होती.

मे महिन्यातल्या रविवारी दुपारी सभा भरली. बाहेर बर्फ अजून गुडघाभर होता. कॅन्टीनमध्ये सात तऱ्हेची बिस्किटं मांडली होती आणि आमच्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकून झाले होते. सभेसाठी दर वर्षी वेगळा अध्यक्ष निवडायचा असा नियम आहे आणि दर वर्षी तोच निवडायचा अशी पद्धत आहे. तो म्हणजे म्हातारा वनरक्षक वाल्फ्रीद. यंदा त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. “मग सभा कोण चालवणार?” असं इंग्वेने विचारताच पन्नास माणसांनी एकदम कॉफीत डोकं घातलं.

“आयलीला करू या,” स्तूरे म्हणाला. “तिला जास्त बोलायचंही नाही, फक्त हातोडी आपटायचीय. आणि ठोकाठोकीत ती तरबेज आहे. काय आयली?”

सगळे हसले. आयली म्हणाली, “हो.” चांगलं मोठ्याने.

पहिले तेरा विषय तिने एकेक करून उरकले. चौदावा तूवाचा ठराव. स्तूरेने उभं राहून समितीचा अहवाल वाचला. “हा प्रश्न नाजूक आहे. अभ्यास चालू आहे.” आणि बसून त्याने चीजचा तुकडा चमच्यात घेतला.

आता आयलीने म्हणायचं होतं, ‘अहवाल सभेला मान्य?’ आठ वर्षं वाल्फ्रीदने तेच म्हटलं होतं. आयलीने एकदा मागच्या रांगेत बसलेल्या पोरींकडे पाहिलं. तूवाचे केस कोठारातल्या गार शॉवरने अजून ओले होते.

“मोठी खोली, सॉनासकट, आजपासून महिला संघाची,” आयली म्हणाली. “सभेला मान्य?”

स्तूरेचा चमचा हवेतच थांबला. तोंड उघडं पडलं. एवढा सरळ प्रश्न कोर्पिवारात त्याच्या हयातीत कोणी विचारला नव्हता. आणि त्या शांत कॅन्टीनमध्ये, पन्नास माणसांच्या कानांदेखत, त्याच्या तोंडून हवा आत गेली.

शूऽप्.

हातोडी पडली. कपातली कॉफी हिंदकळली.

“क्लबचे अध्यक्ष स्वतः हो म्हणाले,” आयली म्हणाली. “विषय पंधरा.”

“थांब! थांब!” स्तूरे उभा राहिला. त्याचा गुलाबी चेहरा आता लाल झाला होता. “मी हो म्हटलं नाही! मी दचकलो!”

“मीही दचकले होते रे, स्तूरे,” आयली म्हणाली. “आठ वर्षांपूर्वी.”

स्तूरेने आधारासाठी इंग्वेकडे पाहिलं. इंग्वे बिचारा नियमाचा माणूस. त्याचं लिहून झालं होतं.

“‘दचकला’ असं लिहायला जागाच नाही, स्तूरे,” तो वहीतून डोकं वर न काढता म्हणाला. “तूच सांगितलं होतंस.”

मागच्या रांगेत आधी एक हसली, मग सगळ्याच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष संघाने आपलं सामान कोठारात हलवलं. समानतेची चौकट काढायची का असं त्यांनी विचारलं. आयली म्हणाली, “राहू दे, आता ती बरोबर जागी आहे.”

मग पोरींनी तिला ओढून सॉनात नेलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर, मधोमध बसवलं. दुखऱ्या खांद्याला ऊब लागली तसे तिचे डोळे भरून आले. घामात ते कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. तूवाने बादलीतून पाण्याचं ओगराळं भरलं आणि तापलेल्या दगडांवर धरलं.

“आयली, अजून एक ओतू?”

आयलीने ओठ मुडपले आणि आठ वर्षांत पहिल्यांदा हवा आत ओढली.