‘हं’ म्हणजे हो नव्हे

माझ्या नवऱ्याला चाळिसाव्या वर्षी विमान उडवायची हौस आली. पुण्यात स्कूटर चालवायला घाबरायचा, आणि इथे इंग्लंडात वॉटफर्डला आल्यावर थेट आकाशात! दर शनिवारी जवळच्या एअरफील्डवर जाऊन दोन सीटांच्या विमानात शिकतो. ते इतकं छोटं, की बसायच्या आधी आपलं वजन सांगावं लागतं. मी म्हटलं, मग मला नाही यायचं बाई.

मी आपली जमिनीवरच रखडत होते. मार्चमध्ये माझं ऑफिस कॉव्हेंट्रीला हललं. रोज जाऊन-येऊन चार तास, तेही ट्रेन आली तर. कधी सिग्नल बिघडलेला, कधी ड्रायव्हर नाही. एकदा ड्रायव्हर होता तर ट्रेन नव्हती. बिचारा आमच्या शेजारीच प्लॅटफॉर्मवर सँडविच खात उभा! घरी येऊन मी म्हणायचे, "अरे, मला हे झेपत नाहीये. कॉव्हेंट्रीला राहायला जाऊया ना." तो विमानाच्या पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायचा, "हं."

हा ‘हं’ म्हणजे होकार नव्हे, नकारही नव्हे. आवाज पोचला, एवढंच. अकरा वर्षं मी या ‘हं’शी संसार केलाय. ‘हं’ म्हणून तो कोथिंबीर विसरलाय, आणि एकदा एअरपोर्टवर माझ्या आईलासुद्धा.

मग तो रेडिओच्या परीक्षेत नापास झाला. विमानातून एअरफील्डच्या कंट्रोल टॉवरशी बोलताना टॉवर जे सांगेल ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं असतं. रनवे कुठला, उंची किती, सगळं. आमचे हे महाशय काय म्हणाले? "ओके, ओके." परीक्षकाने विचारलं, "ओके म्हणजे नक्की काय ओके?" रडवेला होऊन घरी आला आणि मला हसू आवरेना. बरं झालं, कुणीतरी विचारलं एकदाचं!

पण फेरपरीक्षा पुढच्याच आठवड्यात होती, आणि चेहरा असा पडलेला की मलाच कीव आली. शेवटी मी टॉवर झाले. किचनच्या टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्याचं पुस्तक घेऊन मी. म्हटलं, आधी मराठीत सवय होऊ दे, इंग्रजीचं मग बघू.

"रनवे दोन सहा. डावीकडे वळा."

"रनवे दोन सहा. डावीकडे वळतो."

"उंची दोन हजार फूट."

"उंची दोन हजार फूट."

काय सुख म्हणून सांगू! माझा शब्द न् शब्द त्याच्या तोंडून परत येत होता. असा तासभर गेला. त्याची गाडी अगदी रुळावर आली. तेव्हा मी पुस्तक मिटलं. आवाज मात्र तसाच ठेवला.

"मी रोज चार तास प्रवासात असते."

"तू रोज चार तास प्रवासात असतेस."

"मला हे झेपत नाही."

"तुला हे झेपत नाही."

"परवा मी ट्रेनच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडले."

"परवा तू ट्रेनच्या टॉयलेटमध्ये..."

तो थांबला.

"कधीपासून चाललंय हे?" त्याने हळूच विचारलं. "मला सांगायचंस ना."

"सांगितलं की," मी म्हटलं. "मार्चपासून. रोज."