धडधडीतलं बोलणं

लक्ष्याचा आवाज मोठा आहे हे कळायला त्याला भेटावं लागत नाही. तलासरीच्या पूर्वेला डोंगराला टेकून त्याचा पाडा आहे. रस्त्याच्या वळणावर जीपमधून उतरून तो ड्रायव्हरला नुसता ‘येतो’ म्हणाला, तरी पाड्यातल्या शेवटच्या घरात चहाचं आधण चढतं. त्याच्याशी गुपित बोलायच्या फंदात कुणी पडत नाही. एकदा दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून त्याने शेजारच्या माणसाला आपल्या पोटाची तक्रार सांगितली, तर आतल्या डॉक्टरांनी त्याला न बोलावताच गोळ्या लिहून ठेवल्या होत्या. पाड्यात तरी असं सांगतात, आणि लक्ष्या ते नाकारत नाही.

यात त्याचा दोष नाही. ओठावर मिसरूड फुटायच्या आतच तो गुजरातेतल्या बोटींवर जायला लागला. इथले कितीतरी बाप्ये तसे जातात. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला वेरावळ नाहीतर पोरबंदरची वाट धरायची आणि पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की घरी यायचं. लक्ष्या बोटीवरचा भंडारी, म्हणजे सगळ्यांचा स्वयंपाक त्याच्याकडे. आणि त्याची चूल बरोब्बर इंजिनाच्या डोक्यावर. खाली अखंड धडधड चाललेली आणि वर हा भाकऱ्या थापतोय. तिथे ‘मीठ दे’ एवढं म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. वर्षानुवर्षं ओरडून गळा तसाच घडला. जमिनीवर आल्यावर आवाज खाली कसा आणायचा हे त्याला कुणी शिकवलं नाही.

गेल्या मोसमात तो निघाला तेव्हा त्याच्या बायकोचे, जयवंतीचे, दिवस भरत आले होते. मुलगी झाली तेव्हा बोट खोल समुद्रात होती. परतताना किनारा जवळ आला, मोबाईलला रेंज आली आणि बातमी कळली. बातमीमागोमाग जयवंतीने पोरीचा आवाज पाठवला होता. आवाज कसला, थोडा श्वास, मध्येच एक ‘अं’ आणि मागे कोंबड्या. लक्ष्याने तो ‘अं’ इतक्यांदा ऐकला की भात करपला. बोटीवर करपलेला भात कुणी मुकाट्याने खात नाही, पण त्या दिवशी खाल्ला.

मग त्यालाही छंद लागला. पोरीचं नाव दक्षा ठेवलं होतं. चुलीशी बसल्या बसल्या तो फोन तोंडाशी धरायचा आणि तिला बोटीवरच्या बातम्या द्यायचा. “दक्षे, आज बोंबील मिळाले. मनिषला उलटी झाली. आणि भाकऱ्या मस्त झाल्यात, तो मनिष काय पण सांगंल, ऐकू नको.” मनिष त्याच्याच पाड्यातला, जाळ्यावर काम करणारा. एवढं सांगून झालं की लक्ष्या विचारायचा, “हं? काय म्हणतेस?” आणि गप्प बसायचा. नुसतं इंजिन धडधडत राहायचं. पोरीला बोलायला जागा नको का, असं त्याचं म्हणणं. मग जणू उत्तर मिळाल्यासारखा तो पुढे सुरू व्हायचा, “असं का? बरं बरं.”

बंदर जवळ आलं की साठलेलं सगळं बोलणं एका दमात घरी जायचं. जयवंती ते पोरीच्या उशाशी लावून चुलीपाशी बसायची. आणि खरंच, त्या ‘काय म्हणतेस’नंतरच्या धडधडीत पोरगी आपलं म्हणणं मांडायला लागली. जयवंती तेही फोनमध्ये भरून त्याला पाठवायची. थंडीत पोरीला ‘आगू’ जमला. होळीच्या सुमाराला ओठ थरथरवून थुंकी उडवत ‘फुर्र’ करायला लागली. ते ऐकल्यापासून मनिष कितीतरी दिवस लक्ष्याच्या कुठल्याही प्रश्नाला ‘फुर्र’ हेच उत्तर देत होता. उन्हाळ्यात तर ‘बाबाबाबा’ सुरू झालं. लक्ष्याने बोटीवरच्या सगळ्यांना चहा पाजला. जयवंतीने लगेच पुढच्या खेपेला कळवलं, “तुलाच बोलते असं समजू नको. कोंबडीला पण बाबाबाच करते.”

जून लागला, बोटी बंद झाल्या आणि लक्ष्या निघाला. पिशवीत पोरीसाठी खुळखुळा, मनात दहा महिन्यांच्या गप्पा. वळणावर उतरल्या उतरल्या त्याने हाक दिली, “दक्षे, आलो गं.” अंगणात भिकी, त्याची आई, पोरीला कडेवर घेऊन उभी होती. दाढी वाढलेला, मीठपाण्याने काळवंडलेला तो बाप्या धावत आला आणि त्याने हात पुढे केले. पोरीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि असा टाहो फोडला की शेजारपाजारचे लोक धावत आले.

“हळू बोल रे,” भिकी म्हणाली. “पोर भ्याली.”

तेव्हापासून सगळा पाडा त्याचा गुरू झाला. जो तो येऊन सांगे, हळू बोल. लक्ष्याने दाढी काढली आणि आवाज गिळला. तो इतका हळू बोलायला लागला की बायकोला ऐकू येईना. पोरीजवळ जाताना तो पावलं चोरून जायचा, खुळखुळा दुरून सरकवायचा, दबक्या आवाजात “दक्षे, दक्षे” करायचा. पोरगी खुळखुळा घ्यायची आणि त्याच्याकडे पाठ करायची. कोंबडीशी बोलायची, कुडाशी बोलायची, भिकीच्या नाकातल्या फुलीशी तर तासन् तास बोलायची. हा जवळ आला की तोंड बंद. उचलून घेतलं की रडणं.

लोक म्हणत, येईल जवळ, घाई कसली. घाई होती, आणि ती कसली हे लक्ष्याला चांगलं ठाऊक होतं. त्याचा स्वतःचा बापही बोटीवरच असायचा. लहानपणी लक्ष्याला तो पावसाळ्यात येणारा एक पाहुणा वाटायचा. त्याच्या मांडीवर बसायची सवय व्हायच्या आत नारळी पौर्णिमा यायची. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका वर्षी सुरुवात करायचीच दोघांनी सोडून दिली. बाप वाईट नव्हता, आणि तो गेला तेव्हा लक्ष्या रडलाही, पण रडताना आपण नक्की कोणासाठी रडतोय हे त्याला कळत नव्हतं. हे आपल्या पोरीच्या वाट्याला येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. पुढच्या पावसाळ्यात ती चालत असेल, बोलत असेल. तिने आताच ओळखायला हवं होतं.

आवणी सुरू झाली. जयवंती रोज चिखलात भात लावायला. घरातलं पीठ संपलं, तेव्हा भिकीने पोरीला कडेवर घेतलं, लक्ष्याने डोक्यावर नागलीचं पोतं घेतलं आणि दोघं रस्त्यावरच्या गिरणीकडे निघाली. म्हणजे तो पुढे आणि ती बरीच मागे, कारण तो शेजारून चालला की पोरीचं तोंड वाकडं व्हायचं. स्वतःच्या लेकीपासून अंतर राखून चालणारा बाप मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

गिरणी चंद्रिकाबेनची. नवरा गेल्यापासून ती एकटी चालवते, आणि गिऱ्हाईक कुठल्याही भाषेत बोललं तरी ती आपली अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलते. त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. पावसाळ्यात असं झालं की ती मागच्या पडवीतलं जुनं डिझेल इंजिन काढते. “बेसो बेसो,” म्हणत तिने पट्टा चढवला आणि हँडल मारलं. इंजिन खोकलं, थरथरलं आणि लागलं. धड धड धड धड. पत्र्याचं छप्पर हादरायला लागलं.

लक्ष्याने पोतं रिकामं केलं आणि चंद्रिकाबेनला ओरडून सांगितलं, “बारीक दळ. भाकरी तुटते.” हळू बोलायचं तो विसरला नव्हता, पण त्या आवाजात हळू बोलून कुणाला ऐकू गेलं असतं?

भिकीच्या कडेवरची पोर एकदम ताठ झाली. आता भोकाड पसरणार म्हणून भिकीने तिला छातीशी धरलं. पण पोर मान मागे काढून काहीतरी शोधत होती. इंजिनाकडे बघितलं, छपराकडे बघितलं, मग तिची नजर लक्ष्यावर येऊन थांबली. त्याच्या तोंडावर.

लक्ष्याच्या हातून रिकामं पोतं खाली पडलं. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, चुलीशी बसून म्हणायचा तसंच, तितक्याच मोठ्याने: “दक्षे, आज नागली आणली. आजीचा गुडघा दुखतो. हं? काय म्हणतेस?”

आणि तो थांबला. इंजिन धडधडत राहिलं.

“बाबाबाबा,” पोर म्हणाली. मग जरा दम घेऊन, “बाबा. दा. फुर्र.”

“असं का? बरं बरं,” लक्ष्या ओरडला. त्याने गुडघ्याची बातमी आणखी सविस्तर सांगितली. पोरीने त्यावर बराच वेळ आपलं मत दिलं. तिसऱ्या बातमीला तिने दोन्ही हात पुढे केले आणि भिकीच्या कडेवरून ती जवळजवळ निसटलीच. त्याने तिला घेतलं. ती रडली नाही. बोलताना त्याची हनुवटी हलत होती, ती तिने मुठीत पकडली, जणू इतके महिने हा आवाज येतो कुठून हे तिला बघायचंच होतं.

तेवढ्यात वरचा बल्ब पेटला.

“लाईट आवी गई,” चंद्रिकाबेन खुशीत म्हणाली. डिझेल काही फुकट येत नाही. ती पडवीत गेली. लक्ष्याने तिला थांबवायला तोंड उघडलं, पण सांगणार काय? धडधड मंदावली, अडखळली, बंद पडली. पट्टा विजेच्या मोटरीवर चढवेपर्यंत गिरणीत चिडीचूप. छपरावरून पाणी गळतंय तेवढाच आवाज.

लक्ष्या श्वास रोखून उभा राहिला. पोर त्याच्या हातात, मूठ त्याच्या हनुवटीला. तिने इंजिनाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आता तिचं तोंड वाकडं होईल, आता ती आजीकडे झेपावेल, या भीतीने त्याने ओठ घट्ट मिटले. बोलावं तर मोठ्याने की हळू, हेही त्याला सुचेना.

पोर वाट बघत राहिली. तो काहीच बोलत नाही म्हटल्यावर तिने त्याची हनुवटी खाली ओढली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “बाबाबा? हं?”

आणि गप्प बसली. त्याला बोलायला जागा ठेवून.

“बोलतो, बोलतो,” लक्ष्या म्हणाला, आणि त्याचा तो भलामोठा, बोटीवरचा, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाणारा आवाज गिरणीभर घुमला. पोरगी खिदळली. चंद्रिकाबेनने पट्टा हातात तसाच धरून मागे वळून पाहिलं. भिकी पिठाच्या डब्यावर बसून पदराने डोळे पुसत होती. महिनाभर ती त्याला सारखं ‘हळू बोल’ सांगत होती, ते या वेळी तिने सांगितलं नाही.